व्याख्यान ऐकून दिलेलं इंजेक्शन

डॉक्टर मोहरीर वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचे आणि त्यांच्या व्याख्यानांवर मुलं खूश असायची. अडचण एकच होती. सर भरभरून बोलायचे, पण हातात काही द्यायचे नाहीत. वॉर्डात जायचा दिवस जवळ आला, तरी नंदिनी गावितने सिरिंज धरलीसुद्धा नव्हती. आपल्या हातून कुणाला दुखापत होईल, या धास्तीने ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, आधी रबरी दंडावर सराव करायला मिळेल का?"

"कशाला? इंजेक्शनवर मी तासभर बोललोय. नीट ऐकलं असेल तर हात आपोआप चालतो."

तेवढ्यात सिस्टर सरांना द्यायची फ्लूची लस घेऊन आल्या. सरांनी बाही वर सारली.

नंदिनीने नम्रपणे विचारलं, "सर, मी देऊ? तुमचं व्याख्यान शब्दन् शब्द ऐकलंय."

सरांनी बाही झटकन खाली ओढली. "अगं, याआधी कुणाला दिलंयस का?"

"नाही, सर. वॉर्डातले पेशंटही हेच विचारतील. त्यांना काय सांगू?"

सर मनापासून हसले.

"त्यांना सांग, आमच्या सरांना उशिरा कळलं," ते म्हणाले. "वॉर्डात आता पुढच्या आठवड्यात जाऊ. उद्या सगळ्यांनी सरावाला या, मीही शेजारी उभा राहीन."