सपाट माप

पूर्वी दंतपुरात सोमदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी जन्मले आणि मोठेपणी राजाचे मापारी झाले. खळ्याखळ्यावर जाऊन पिकाचा सहावा हिस्सा राजासाठी मोजून घेणे, हे त्यांचे काम.

त्या राज्यात एक जुनी रीत होती. राजा धान्य घेई तेव्हा माप शिगोशीग भरत. पेरणीला बी देई तेव्हा त्याच मापावर लाकडी पट्टी फिरवून शीग पाडत. ही रीत कोणी घातली, हे कोणालाच आठवत नव्हते. पिके चांगली येत, तरी राजाचे कोठार दरवर्षी अधिकच रिकामे पडे. कोठाराचा प्रमुख पिंगक म्हणे, "शीग आणखी उंच करा."

बोधिसत्त्व पहिल्या खळ्यावर गेले. ते खळे विरजा नावाच्या शेतकरणीचे होते. एवढ्या मोठ्या शेताची रास गुडघ्याएवढीच होती.

"बाकीचं पीक कुठे गेलं, बाई?"

"उंदरांनी खाल्लं," विरजा म्हणाली. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहून हसली. "रानात जमिनीखाली खणलेल्या पेवात आहे, मापारीदादा. सांगा जाऊन राजाला. निम्मं तिथं ओलीनं कुजतं. पण तुमच्या मापापेक्षा कुजलेलं परवडलं!"

बोधिसत्त्वांनी माप भरले, पट्टी फिरवली आणि शीग तिच्या राशीवर पाडली. त्या दिवसापासून प्रत्येक खळ्यावर त्यांनी तेच केले.

पिंगकाने चुगली केली. राजा संतापला. "पौर्णिमेपर्यंत कोठार भरलं नाही, तर तुझा उजवा हात तोडीन."

"तोडा, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "पण तोवर माप सपाटच राहू द्या."

पौर्णिमेच्या सकाळी कोठार अर्धेही भरले नव्हते. वेशीत लाकडाचा ओंडका ठेवला गेला. बोधिसत्त्वांनी गुडघे टेकून त्यावर शांतपणे हात ठेवला. पिंगक म्हणाला, "आता हातच मोज, मापाऱ्या."

तेवढ्यात रानाच्या बाजूने धूळ उठली. वेशीच्या बुरुजावरून पाहणाऱ्या राजाला वाटले, शत्रू आला. पण त्या गाड्या होत्या. डोळा पोचेल तिथवर गाड्याच गाड्या, आणि त्यांच्याबरोबर पेवांतल्या धान्याचा दमट वास. दवंडी पिटली नव्हती, शिपाई धाडले नव्हते. इतके धान्य आपल्या राज्यात पिकते, हे राजाने जन्मात पाहिले नव्हते. तो चालत खाली गेला.

"तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही," पहिल्या गाडीवरून विरजा म्हणाली. "माप सपाट झालं, तसं पेवांतलं बाहेर काढलं, त्याचा सहावा हिस्सा आणलाय. मोजून घ्या. आणि त्यांचा हात सोडा आधी, मोजणार कोण?"

राजाने बोधिसत्त्वांना उठवले. मग स्वतः माप भरले आणि सवय नसलेल्या हाताने पट्टी फिरवली. ती खोल गेली. मापात खळगा पडला. विरजाने मूठभर धान्य घेऊन तो खळगा भरला.

"पुरतं घ्या, महाराज," ती म्हणाली.

राजाने त्या भरलेल्या मापाकडे पाहिले. एवढी वर्षे शीग लावूनही जे मिळाले नव्हते, ते या बाईने न मागता दिले होते. त्याने मान खाली घातली.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगक म्हणजे आजचा देवदत्त, विरजा म्हणजे विशाखा, राजा म्हणजे आनंद, आणि तो मापारी मीच होतो." घेताना आणि देताना एकच माप धरणारी ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय.