ठमाईनं मुकं औषध बोलतं केलं

फार वर्षांपूर्वी, उंबरमाळाच्या डोंगराला अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पटत नसेल त्यानं खुशाल उठून जावं, पण मध्ये बोलू नये.

त्या काळी उंबरमाळात औषध मुकाट्यानं द्यायचे. देणाऱ्यानं बोलायचं नाही, घेणाऱ्यानं विचारायचं नाही. मुळीचं नाव तोंडातून निघालं की तिचा गुण उडून जातो, अशी सगळ्यांची खात्री. आणि वैदीण होती ठमाई. काय बाई होती! डोळे झाकून नुसत्या वासावर तीनशे मुळ्या ओळखायची. ती रानात शिरली की झाडं आपणहून फांद्या खाली करायची, असं म्हणतात.

दर रविवारी तिच्या अंगणात माणसं अनशापोटी रांगेनं बसत. ठमाई त्यांना एकदा बघून जायची, आत द्रोण भरायची आणि बसल्या क्रमानं हातात ठेवत जायची.

एका रविवारी रांगेत हिरू म्हातारा होता, आठ दिवस पोट साफ न झालेला. शेजारी चांगुणा, सातव्या महिन्याची पोटुशी, खोकल्यानं बेजार. ठमाई आत गेली आणि हिरूच्या टकलावर ऊन आलं. तो उठून चांगुणाच्या पलीकडं सावलीत बसला. झालं ते एवढंच. जमालगोट्याचा जालीम जुलाब चांगुणाच्या हातात आला. तिच्या जिभेला कळलं, हे मागच्या रविवारचं औषध नव्हे. पण बोलायचं कसं? तिनं डोळे मिटले आणि गिळलं.

दुपारपर्यंत पोर पिळून निघाली. दुसऱ्या दिवशी तर पोटातलं बाळ हलेना. पाटील ठमाईच्या कानाशी लागले. "ठमे, बाहेरची बाधा झाली म्हणून सांगू. तुझं नाव राहील."

चाळीस वर्षांत कमावलेलं नाव होतं ते. ठमाईला क्षणभर वाटलंही, म्हणावं हो. तेवढ्यात चांगुणाच्या सासूनं तिच्या पायावर डोकं ठेवलं, "बाधा काढ गं आई." ठमाईला ते डोकं निखाऱ्यासारखं भाजलं.

"बाधेला हात असतात का पाटील, द्रोण द्यायला?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "माझ्या हातानं झालंय. मी जागा बघितली, तोंड बघितलं नाही." मग चांगुणाकडं वळली. "तुला कळलं होतं ना गं? मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याच अंगणात बोलायचं नसतं, आई," चांगुणा पुटपुटली.

ठमाई ताडकन उठली. "आता बोलायचं. तुझं नाव सांग. काय होतंय ते सांग. मी काय देतेय ते ऐक आणि परत म्हणून दाखव."

माणसांनी कानात बोटं घातली. हिरू म्हणाला, "गेला गुण. आता पोरगी हातची गेली."

"तुझं पोट साफ झालं नाही, त्याचा राग इथं काढू नकोस," ठमाई म्हणाली आणि खड्या आवाजात बोलली, "बेलाचा गर, ताकात."

"बेलाचा गर, ताकात," चांगुणा सुतासारख्या आवाजात म्हणाली.

तेव्हा डोंगरावरचं एकूण एक बेलाचं झाड तेच बोललं, असं म्हणतात. दऱ्या घुमल्या, फळं धडाधड खाली आली. ठमाई घोट घोट पाजत राहिली, दर घोटाला काय होतंय ते विचारत राहिली. तिसऱ्या दिवशी बाळानं अशी लाथ मारली की पोटावर ठेवलेला सासूचा हात उडाला. दोन महिन्यांनी मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं सात गावांना ऐकू गेलं, असं म्हणतात.

पुढच्याच रविवारी पाटील रांगेत बसले. ठमाईनं विचारलं, तर मान खाली. मूळव्याध होती बिचाऱ्यांना. "नाव मोठ्यानं घ्या, दुखणं कानात सांगा," ती म्हणाली. "पण सांगा."

आजही उंबरमाळात सुई टोचायची असो की गोळी द्यायची, आधी नाव, मग दुखणं, मग औषध, दोघांनी बोलायचं. नव्या डॉक्टरांना आधी राग येतो, मग सवय होते. आणि दर चैत्रात पारावर गाव जमतं. वैदू, सुईण, नर्स, डॉक्टर, ज्याच्या त्याच्या हातून वर्षात काय चुकलं ते तो सांगतो, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करायचं ते गाव मिळून ठरवतं. शिव्या कुणी देत नाही. माझं काहीच चुकलं नाही असं म्हणणाऱ्याला मात्र उंबरमाळात कुणी नाडी दाखवत नाही.