शेळवंडीच्या बांधातले उंबरे

शेळवंडीच्या तळ्याच्या बांधावरून चालताना नवखा माणूस हमखास ठेचकाळतो. पायाखाली साधे दगड नसतातच. कुणाच्या दाराची पायरी, कुणाचं फुटकं जातं, कुठे अख्खा उंबरा. आणि खाली गावाकडे पाहिलं तर एकाही घराला आवारभिंत नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं की गावच्या कौसाबाई बांधावर टेकतात आणि भिवराची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, एका श्रावणात भर दुपारी हा बांध फुटला. गल्लीच्या एका अंगाला कुंभारवाडी, दुसऱ्या अंगाला भोईवाडी. पाण्याने दोन्हीकडची मिळून अकरा माणसं नेली. पाणी ओसरलं, पण त्याचा आवाज गावाच्या कानातून जाईना. कुणी घागर ओतली तरी माणसं दचकत. बोलत मात्र कुणी नसे. गेलेल्यांचं नाव काढलं तर पाणी परत येईल, असं ज्याला त्याला आपापलं वाटत होतं.

त्या भीतीपायी गावाने एक वेडेपणा केला. फुटक्या बांधाचेच दगड उचलून आणले आणि ज्याने त्याने आपल्या घरापुढे भिंत घातली.

सगळ्यात उंच भिंत भिवरा कुंभारणीची. नवरा मडकी घेऊन बाजाराला गेला की घरात ती आणि तान्ही गोदी. लेक जन्मल्यापासून भिवराने तिला पदराने पोटाशी बांधलेलं होतं. माती मळतानाही सोडत नसे. रोज ती भिंतीवर एक दगड चढवी, आणि रोज तिला वाटे, उद्या आणखी एक चढवला की झोप येईल. "माझी रांगोळीसुद्धा वाकडी येते, भिंत कसली सरळ येणार," असं पुटपुटत पुन्हा दगड आणायला निघे.

पुढच्या श्रावणात पावसाने धार धरली. वर बांध बोडकाच. पाणी गल्लीतून आलं, भिवराच्या भिंतीला धडकलं आणि वळून समोरच्या सारजा भोईणीच्या दारात घुसलं. भिंतीआड भिवराचं अंगण कोरडं होतं. ती गोदीला आवळून दारात उभी होती, घाबरलेली, आणि थोडी खूशही. त्या खुशीची तिला लाज वाटत होती, हे सांगायला कौसाबाई कधी विसरत नाहीत.

मग भिंतीवर थाप पडली. भिवराने दगडांवर चढून पाहिलं. पलीकडे कमरेइतक्या पाण्यात सारजा उभी होती, पाठीवर आंधळी सासू.

"भिवरे, तुझी भिंत माझ्या घरात पाणी घालतेय गं! पाड ती!"

"आत पोर आहे माझं."

"आणि हे काय गाठोडं आहे पाठीवर?"

भिवराने हात देऊन म्हातारीला भिंतीवरून आत ओढून घेतलं, भट्टीच्या उंचवट्यावर बसवलं. भिंत फोडायची तर वाकायला हवं, दोन्ही हात मोकळे हवेत. पोटाशी पोर बांधून ते व्हायचं नाही. गोदीला ठेवायला मांडी एकच होती, आणि त्याच म्हातारीच्या हातून गेल्या वर्षी नातू सुटून वाहत गेला होता. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं. भिवरा पदराच्या गाठीवर बोटं ठेवून थिजली.

म्हातारीच आधी बोलली. "नको देऊस मला. एकदा सुटलंय माझ्या हातून. मला भीती वाटते, पोरी."

वर्षभरात शेळवंडीत हे शब्द कुणी तोंडातून काढले नव्हते, असं सांगतात.

"मलाही," भिवरा म्हणाली. "फार." तिने गाठ सोडली आणि गोदी म्हातारीच्या मांडीवर ठेवली. "आवळून धरा, आजी. रडली तर रडू दे." मग भिंतीपलीकडे ओरडली, "सारजे, तुला नाही वाटत भीती?"

"मी काय जत्रेला आलेय? दात बघ कसे वाजतायत. धर आता ते टोक!"

तळाचा दगड चार गड्यांनी बसवलेला होता. दोघींनी तो हलवला, म्हणे. पाणी भिवराच्या अंगणात घुसलं, घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं आणि तिथेच थांबलं. सारजाच्या घरातलं तेवढंच उतरत होतं. तेवढ्यात शेजारच्या घरीही दगड कोसळल्याचा आवाज आला. मग आणखी एका. भिंती पडत गेल्या, पाणी सगळ्यांच्या दारात थोडंथोडं पसरलं आणि खालच्या शेतांत निघून गेलं. त्या दिवशी कुणी गेलं नाही. गोदीच्या दंडावर म्हातारीच्या पाच बोटांचे वळ मात्र आठवडाभर होते.

पाऊस उघडल्यावर दगड बांधावर परत गेले. कमी पडले तिथे लोकांनी पायऱ्या दिल्या, उंबरे दिले.

आजही श्रावण लागण्याआधी घरटी एक दगड बांधावर जातो. तो एकट्याने ठेवायचा नाही. एक टोक कुंभारवाडीच्या हातात, दुसरं भोईवाडीच्या. आणि दगड आणणाऱ्याने आधी आपली भीती मोठ्याने सांगायची. त्याशिवाय समोरचा हात लावत नाही. पोरं मास्तरांचं नाव घेतात, नव्या सुना सासूकडे बघत काहीतरी पुटपुटतात. गेल्या वर्षी दत्तू भोई म्हणाला, "मला कसली भीती?" सगळे नुसते उभे राहिले. दगड छातीशी धरून तो घामाघूम झाला, तरी कुणी हललं नाही. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "पोरगी चार दिवस झाले फोन उचलत नाही."

तेव्हा कुंभारवाडीतला एक म्हातारा पुढे झाला आणि त्याने दुसरं टोक धरलं.