शोभेचा रांजण आणि दोघी जावा

एका राज्यात एक रीत होती, आणि ती राजालाही मोडता येत नसे. नगरात जो कोणी घर बांधील, हवेली बांधील, अगदी गोठा का बांधीना, त्यानं खर्चाचा शंभरावा भाग शोभेच्या रांजणात टाकायचा. त्या रांजणातून दर वर्षी एका चव्हाट्यावर एक मूर्ती उभी राहायची. मूर्ती देवाची नव्हे. देवांना देवळं होती. ही येणाऱ्याजाणाऱ्यांची. भाजीवालीनं पाठ टेकावी, पोरांनी वर चढावं, वाट चुकलेल्या पाहुण्याला खूण सांगावी, एवढ्यासाठी.

रांजण राजवाड्यासमोरच्या पारावर होता. त्याच्या काठावर एक धनेश पक्षी बसे. चोच केवढी, तर नांगराच्या फाळाएवढी. तो माणसासारखा बोले, पण माणसाइतका नाही, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. रांजणावर कालजंघ नावाच्या मांत्रिकाचा मंत्र होता: याच्यासमोर कारागिरीबद्दल कोणी खोटं बोललं, तर रांजण मिटेल. आजवर कोणी बोललं नव्हतं, त्यामुळे मंत्र खरा की नुसती धमकी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मूर्ती निवडायची रीत तर याहून न्यारी. कारागिरानं स्वतःच्या नमुन्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ज्याच्या वाट्याला ज्याचा नमुना येईल, त्यानं त्याची बाजू रांजणासमोर पंचांपुढे मांडायची. आपलं घोडं पुढे दामटायचं नाही. दुसऱ्याच्या घोड्याला खरारा करायचा.

पाथरवटांच्या आळीत दोघी जावा होत्या. त्या आळीत बायकाही छिन्नी चालवत. थोरली अंबुजा, धाकटी कुवलया. कुवलया नवी नवरी. माहेरी तिच्यासारखं दगडात पीस उतरवणारं कोणी नव्हतं. सासरी आली तर जो तो म्हणे, "थोरलीच्या हाताला गुण आहे हो." अंबुजानं आमटी केली की घर गप्प बसून जेवे. कुवलयानं केली की सगळे म्हणत, "छान झालीय हं." याचा अर्थ काय, ते कुठल्याही नव्या सुनेला विचारावं.

बरं, थोरली दुष्ट असती तर हेवा करायला सोपं गेलं असतं. पण ती धाकटीच्या ताटात हळूच लोणी वाढे, आणि कुवलयाला ते लोणीसुद्धा घशाखाली उतरत नसे.

त्या वर्षी कुवलयानं मातीचा मोर केला, पिसारा फुलवलेला. अंबुजानं पाणी पिणारी हरिणी केली. चिठ्ठ्या निघाल्या, आणि दैवाला मौज वाटली असावी: मोर गेला अंबुजाकडे आणि हरिणी आली कुवलयाकडे.

पंच बसले. राजा मेघवर्ण बसला. अंबुजा उठून म्हणाली, "मोर जिवंत आहे. यात उणं काढायला जागा नाही. नगरानं हाच घ्यावा."

मग कुवलया उठली. हरिणी समोर होती. तिचा एक कान मागे वळला होता. तोंड पाण्यात, पण कान रानात. एवढ्याशा कानात अख्खं रान उभं होतं. तो कान बघून कुवलयानं नजर फिरवली. ती म्हणाली, "हरिणी बरी आहे. पण जाऊबाईंनी जी शिळा निवडलीय, ती मी ठोकून पाहिली. बद्द वाजते. पोटात चीर आहे. पहिल्याच थंडीत हरिणी दुभंगेल."

शिळा खणखणीत होती. घंटेसारखी वाजली होती.

पंचांनी माना हलवल्या आणि मोर निवडला. त्याच क्षणी रांजणाचं तोंड कळीसारखं मिटलं, आणि नगरातल्या साऱ्या मूर्तींनी लोकांकडे पाठ फिरवली. बाजारातला दगडी हत्ती वळला, तशी त्याच्या सोंडेवर बसलेली पोरं धपाधप पडली. वेशीवरचा वाघ भिंतीकडे तोंड करून बसला.

धनेश म्हणाला, "रांजणासमोर खोटं बोललं गेलं."

राजानं विचारलं, "कोण बोललं?"

"हात सांगतील," धनेश म्हणाला आणि डोळे मिटून बसला.

कुवलयानं पदराआड हात नेला. उजवी करंगळी दगडाची झाली होती.

राजानं दवंडी पिटवली: जो रांजण उघडील, त्याचे नगरावर उपकार होतील. आळीत छिन्न्या थांबल्या. रांजणच मिटला तर पाथरवटांनी पोट कशावर भरावं? कुवलया मात्र उपकारासाठी नव्हे, बोटांसाठी पुढे झाली. छिन्नी धरणारा हात गेला, तर थोरलीशी बरोबरी करायची ती कशानं? लोक म्हणाले, "पाहिलंत? धाकटीही काही कमी नाही!" असं कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं. तिला ते फार गोड लागलं. गोड लागलं आणि करंगळीशेजारचं बोट दगड झालं.

धनेशानं तिच्याकडे एका डोळ्यानं पाहिलं. "कामं तीन. ज्यानं शंभरावा भाग दिला नाही, त्याच्याकडून तो आण. जिला घडवणारं कोणाला आठवत नाही, तिला न्हाऊ घाल. तिसरं तेव्हा सांगेन."

नगरात शंभरावा भाग बुडवणारा एकच होता, आणि तो म्हणजे खुद्द मांत्रिक कालजंघ. टेकडीवर त्यानं एक टाळी वाजवून महाल उभा केला होता. कुवलया टेकडी चढून गेली. मांत्रिक ओटीवर बसून शेंगा सोलत होता.

"शंभरावा भाग द्या," ती म्हणाली.

"कशाचा? माझा खर्चच झाला नाही. टाळीला काय पैसे पडतात?"

"खर्च नसेल तर घराचाच द्या. खिडक्या किती तुमच्या महालाला?"

"शंभर," मांत्रिक म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्यानं जीभ चावली.

"मग एक काढा."

मांत्रिकानं मुकाट्यानं एक खिडकी काढून तिच्या हाती दिली, जशी शेजारणीला परात द्यावी. मग विचारलं, "हात झाकून फिरतेस. किती बोटं गेली?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. मंत्र माझा, बोटं तुझी."

"उतारा सांगा."

"उतारा नाही," मांत्रिक शेंग तोंडात टाकत म्हणाला. "खोटं उलटं केलं की खरं होतं, असं मात्र समजू नकोस. पुष्कळजण तिथं फसतात."

कुवलयानं खिडकी डोक्यावर घेतली आणि पारावर आणून टेकवली. तिच्यातून मांत्रिकाची बाग दिसत होती. पोरांनी लगेच तिच्यात हात घालून पेरू तोडायला सुरुवात केली. धनेश म्हणाला, "भाग आला. दुसरं."

दुसरं काम पाणवठ्यावर होतं. तिथं एक दगडी बाई उभी होती, केव्हापासून ते कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या डोक्यावर शेवाळ, खांद्यावर चुन्याची बोटं, पायाशी विड्याच्या पिचकाऱ्या. सगळ्या नगराला भाजीबाजारातल्या हत्तीचा कारागीर पाठ होता. हिचं कोणी विचारलंही नव्हतं. नव्या मूर्तीसाठी वाजंत्री लागे; जुनीसाठी तांब्याभर पाणी निघत नसे.

कुवलया सकाळपासून रिठे आणि नारळाची शेंडी घेऊन घासत होती. मधलं बोटही दगड झालं होतं, त्यामुळे शेंडी निसटे. ऊन चढलं तेव्हा अंबुजा कमरेवर घागर घेऊन आली.

"एकटी किती घासशील गं? सर जरा."

तिनं एक घागर ओतली. पाण्याला आलेल्या बायका लगेच म्हणाल्या, "थोरलीचा जीव बघा कसा! जावेसाठी उन्हात उभी राहिली!"

कुवलयानं दात आवळले. सकाळपासून पाठीचा कणा माझा मोडला, आणि एका घागरीत पुण्य हिच्या पदरात! "तुम्ही जा घरी, जाऊबाई," ती म्हणाली. "माझं काम मला करू द्या."

अंबुजा रिकामी घागर घेऊन निघून गेली.

शेवटचं शेवाळ निघालं तेव्हा दगडी बाई भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलली, "गार वाटलं. मला कोणी घडवलं गं?"

"कोणाला ठाऊक नाही."

"मलाही नाही. पण तिला कोणाचा तरी हेवा वाटत होता, एवढं आठवतं. छिन्नी फार जोरात लागायची."

कुवलयाला हसावं की रडावं कळेना. तिनं बाईची पाठ पदरानं पुसली आणि पाराकडे गेली.

धनेश म्हणाला, "न्हाऊ घातलंस. तिसरं. पंच बोलाव. तीच बाजू पुन्हा मांड."

पंच बसले. राजा बसला. सगळं नगर पाराभोवती गोळा झालं. हरिणी समोर आणून ठेवली. कुवलयानं हात जोडायचा प्रयत्न केला, पण ते जुळेनात. मग ती मोठ्यानं म्हणाली, "जाऊबाईंच्या हरिणीसारखी हरिणी त्रिभुवनात नाही! ती निर्दोष आहे! स्वर्गातल्या अप्सरांनी..."

तिची तर्जनी कडकड वाजत दगड झाली. आता एकटा अंगठा उरला.

"हेही खोटंच," धनेश म्हणाला.

कुवलयानं अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा गेला की छिन्नी गेली. मग आयुष्यभर लोकांनी वाढलेलं खायचं आणि थोरलीच्या हातांकडे बघत बसायचं. ती हरिणीकडे बघत राहिली. आतापर्यंत तिनं हरिणीकडे पाहिलंच कुठे होतं? तिनं पाहिलं होतं ते थोरलीकडे.

"शिळेत चीर नव्हती," ती म्हणाली. "ती खणखणीत वाजली. मी खोटं बोलले."

लोकांत कुजबुज उठली. ती थांबली नाही.

"हिचा कान बघा. ती पाणी पितेय, पण भीती विसरलेली नाही. हे एका कानात सांगायचं मला जमत नाही. मी माहेरी शिकले, इथं शिकले, तरी जमत नाही. म्हणून हा कान बघितला की माझा जळफळाट होतो. आणि..." ती हरिणीच्या मागे गेली, "मागचा उजवा पाय चुकलाय. तो हरिणीचा नाही, बैलाचा आहे."

कोणी तरी फिसकन हसलं. कुवलयाची बोटं सळसळली, ऊन लागल्यासारखी. पण दगड पुरता उतरला नाही. रांजणाचं तोंड उघडलं, पण लिंबू जाईल इतकंच. आणि मूर्ती वळल्या, त्या अर्ध्याच. हत्ती, वाघ, साऱ्या लोकांकडे कूस करून उभ्या राहिल्या, जणू एक कान लावून अजून कशाची तरी वाट बघत होत्या.

राजा म्हणाला, "धनेशा, हे काय?"

"अर्धं झालं," धनेश म्हणाला. "त्या दिवशी खोटी दोन होती."

गर्दी एकमेकांची तोंडं बघू लागली. तेव्हा अंबुजा पुढे आली. तिनं पदराखालून डावा हात काढला. तो मनगटापर्यंत दगडाचा होता.

"दुसरं माझं," ती म्हणाली.

"तुमचं?" कुवलया ओरडलीच. "तुम्ही तर माझी स्तुती केलीत!"

"तेच ते. नवी पोर, माहेर सोडून आलेली. म्हटलं, कशाला हिचं मन मोडा?"

"म्हणजे माझा मोर..."

"सांगू?"

कुवलयाला 'नको' म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. ती म्हणाली, "सांगा."

अंबुजा मोरासमोर उभी राहिली. "पिसं अशी, की एकेक उपटून घ्यावंसं वाटेल. मला असं पीस काढता येत नाही, आणि हिचं वय बघून मलाही ते सलतं. पण मोर नाचत नाही. पिसारा फुलवून तो मान वाकडी करतो आणि शेजारी कोण उभं आहे ते बघतो."

सगळ्या नगरानं मोराकडे पाहिलं, आणि सगळं नगर हसलं. राजानंही मिशीवर हात ठेवला. कुवलयाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिनं मोराकडे पाहिलं. खरंच होतं. मेला तसाच बघत होता.

पण त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द तिच्या मनात रुतून बसला: सलतं. थोरलीला सलतं! माझं पीस! इतकं गोड तिला सासरी आल्यापासून काही लागलं नव्हतं.

रांजण उघडला. हत्ती, वाघ, पाणवठ्यावरची बाई, सगळ्यांनी लोकांकडे तोंडं केली. दोघी जावांच्या हातांत रक्त सळसळून आलं, मुंग्या आल्या, आणि दोघींनी एकाच वेळी हात झटकले.

पंचांनी हरिणी निवडली. अट एकच: मागचा पाय बारीक करावा. राजानं हुकूम काढला, की यापुढे रांजणातला एक वाटा नव्या मूर्तीला आणि एक जुन्यांना न्हाऊ घालायला. मांत्रिकाची खिडकी वेशीच्या भिंतीत बसवली, आणि त्याला पेरूंची भरपाई मिळाली नाही. हरिणी चव्हाट्यावर उभी राहिली, रांजण भरत राहिला, धनेश पुष्कळ वर्षं काही न बोलता बसला. पक्ष्याला बोलायची वेळ येत नाही, ते राज्य सुखी समजावं.

हरिणीचा पाय कुवलयानंच उतरवला. "तुला दिसला, तूच काढ," अंबुजा म्हणाली होती. नवऱ्यानं, सारंगनं, घरी विचारलं, "आता हेवा गेला ना तुझा?"

"कुठला जातोय!" कुवलया म्हणाली. "त्या कानाकडे बघितलं की अजून जळफळाट होतो."

पुढच्या वर्षासाठी तिनं नवा मोर केला. माती ओली होती तोवरच तो पाटावर घालून थोरलीच्या ओसरीवर नेला. "बघा, आणि मनात येईल ते सांगा."

अंबुजानं हात पुसले. मोराभोवती फिरली. खाली वाकून पाहिलं.

"मान सरळ झाली," ती म्हणाली. "नाचतोय आता. पण पाय बघ. पाय माझ्या हरिणीचे काढलेस."

कुवलयानं पाहिलं. दातओठ खाल्ले. मोर उचलला, घंगाळात बुडवला आणि मळून त्याचा गोळा केला.

"उद्या पुन्हा आणते," ती म्हणाली.