येसाक्काचं वजन

ऐका बरं का, लहानांनो आणि मोठ्यांनो! पुष्कळ जुन्या काळी, इतक्या जुन्या की तेव्हा कोण राजा होता हेही आता कुणाला सांगता यायचं नाही, एका डोंगराच्या दोन अंगांना दोन गावं होती. एक उगवतीकडचं, एक मावळतीकडचं. डोंगराच्या माथ्यावर मोठं तळं होतं. तळ्याला दोन्ही बाजूंना दगडी तोंडं होती आणि प्रत्येक तोंडावर जाड सागवानी फळी बसवलेली होती. पावसाळा सरला की फळी वर उचलायची. मग पाणी पाटातून खळाळत खाली यायचं आणि त्यावर गावाचा गहू, हरभरा, कांदा, सगळं पिकायचं.

आता गंमत पाहा. ही फळी कुणीही उठून उचलायची नाही, असा दोन्ही गावांचा जुना रिवाज होता. ती म्हाताऱ्या माणसानंच उचलायची. आणि त्यानं डोंगर स्वतःच्या पायांनी चढून यायचा. डोली नको, खांदा नको, कुणाचा हातसुद्धा नको. काठी चालेल. ठरलेल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत ज्या गावाचं म्हातारं माणूस वर पोचलं नाही, त्या गावाचं तोंड वर्षभर बंद. सगळं पाणी पलीकडच्यांना.

म्हाताऱ्यांना नीट सांभाळणाऱ्या गावालाच पाणी मिळावं, असं बहुधा पूर्वजांच्या मनात असावं. पण पूर्वज गेले आणि मनातलं मनात राहिलं.

काही वर्षांपूर्वी उगवतीकडच्या गावानं पाटलाच्या वडिलांना वर पाठवलं होतं. मोठा मानाचा माणूस. अंगानं चांगला भरलेला. पण कित्येक वर्षं त्याचं चालणं म्हणजे खाटेवरून ओसरीवर आणि ओसरीवरून खाटेवर. पाण्याचा तांब्याही कुणीतरी हातात आणून द्यायचं. तो पहिल्याच वळणावर धापा टाकत बसला, तो बसलाच. त्या वर्षी गावाची शेतं करपली, गुरं विकावी लागली.

पंच बसले. "वजन नडलं," पाटील म्हणाला.

"वजनच नडलं," सगळ्यांनी माना डोलावल्या. खाटेचं नाव कुणी काढलं नाही.

झालं! गुळाच्या ढेपा तोलायचा मोठा तराजू चावडीपुढच्या लिंबाला टांगला गेला. दरवर्षी गावातली सगळी म्हातारी माणसं त्यात बसायची आणि जो सर्वांत हलका भरेल त्याला डोंगर चढायचा मान मिळायचा. तो कसाबसा रखडत वर पोचायचा आणि गावाला वाटायचं, आपलंच बरोबर. मान म्हटला की चढाओढ आलीच. पावसाळा सरत आला की घरोघरचे लेक आपल्या म्हाताऱ्यांच्या ताटातली भाकरी काढून घ्यायचे आणि पुढ्यात पेजेची वाटी सरकवायचे. एकदा एक आजोबा अशक्तपणानं तराजूत बसल्या बसल्याच डुलक्या खायला लागले, तर किती हलके झाले म्हणून गावानं टाळ्या वाजवल्या. काय म्हणावं या लोकांना!

याच गावात येसाक्का राहायची. जन्मापासूनच जाड हाडाची, रुंद खांद्यांची बाई. केस पांढरेशुभ्र झाले, पण तिचा दिवस पहाटे जात्यावर सुरू व्हायचा. मग नदीवरून घागर आणायची, म्हैस घेऊन डोंगराच्या उतारावर जायचं, येताना डोक्यावर गवताचा भारा. नागपंचमीला पोरींबरोबर फुगडी घालायला उभी राहिली की पोरी दमायच्या, ही दमायची नाही. आणि जेवायची कशी? बाजरीची भाकरी, पिठलं, वर कांदा, आणि मन लावून. तिला जेवताना बघूनच शेजाऱ्यांना भूक लागायची.

येसाक्काची एकच हौस होती. लहानपणी तिनं आपल्या आईला फळी उचलायला जाताना पाहिलं होतं. आपल्याही हातानं एकदा गावात पाणी यावं, एवढंच तिला वाटायचं. पण दरवर्षी तराजूत बसली की पारडं दाणकन जमिनीला टेकायचं आणि एकच हशा पिकायचा.

"अरे, ढेपा कमी पडल्या, दुसऱ्या पारड्यात बैल बसवा!"

"येसाक्का, डोंगर चढलीस तर डोंगरच खचेल गं!"

येसाक्का सगळ्यांत मोठ्यानं हसायची. घरी आली की मात्र चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसायची. तिची सून सगुणा हे दारातून बघायची. तिलाही टोमणे बसायचेच. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "काय गं, सासूला वर पाठवायचं मनात नाही वाटतं तुझ्या? नुसती चारतेस!"

त्या वर्षी येसाक्कानं मनाशी ठरवलं, आता हलकं व्हायचंच. तिनं भाकरी सोडली. पेज प्यायची आणि पडून राहायची. भुकेनं पाय लटपटायचे म्हणून जातं सुटलं. लटपटताना बघून लोक हसतील म्हणून नदी सुटली. म्हैस सगुणाच न्यायला लागली.

शेजारी म्हाळूआबा राहायचे. तिच्याच वयाचे, मुळातच काटकुळे, तरुणपणी नांगर धरला की सोडायचे नाहीत असे. त्यांच्या लेकानं यंदा मान आपल्याच घरी आणायचा चंग बांधला होता. दोघांची कुंपणापाशी गाठ पडली.

"काय खाल्लंस आज?" आबांनी विचारलं.

"पेज. तुम्ही?"

"पेजेवरचं पाणी." आबा हसले, पण हसताना त्यांनी कुंपणाचा खांब धरून ठेवला होता. "येसा, खरं सांगू? परवा धोतर पिळलं तर हातात बळच नाही. लेक म्हणतो, आबा, मान मिळाला की मग पाहिजे तेवढं जेवा."

येसाक्काला ते ऐकून कसंतरीच झालं. पण तिचंही तेच चाललं होतं.

एक दिवस सगुणा तापानं फणफणली आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. येसाक्का घागर घेऊन नदीवर गेली. घागर भरली, उचलायला वाकली आणि कमरेपर्यंत आणता आणता हातातून सुटली. पुन्हा उचलली, पुन्हा सुटली. आयुष्यभर जी घागर तिनं गप्पा मारत उचलली, ती आज उचलेना. येसाक्का तिथंच ओल्या दगडावर बसली. तिला भीती वाटली, खरीखुरी भीती. 'हे माझे हात नव्हेत,' ती मनात म्हणाली. 'मी हलकी झाले नाही, मी रिकामी होत चाललेय.'

अर्धी घागर घेऊन ती कशीबशी घरी आली. सगुणाला पाणी पाजलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली. मग चूल पेटवली आणि भाकऱ्या थापल्या.

सगुणानं अंथरुणातून मान उचलून पाहिलं. "आत्याबाई, तराजू?"

"तराजू गेला खड्ड्यात!" येसाक्का म्हणाली. "मला मान नको, माझे हातपाय मला परत हवेत."

सगुणाला रडू आलं. "मीच सांगायला हवं होतं तुम्हाला. लोक बोलतील म्हणून गप्प बसले मी."

दुसऱ्या दिवसापासून येसाक्का पुन्हा चालायला लागली. पहिल्यांदा जेमतेम देवळापर्यंत. मग नदीपर्यंत. मग म्हशीमागं उतारावर. गेलेली ताकद अशी हाक मारल्याबरोबर येत नाही हो! गुडघे कुरकुरायचे, दम लागायचा. तरी ती रोज जायची आणि रोज पोटभर जेवायची. म्हाळूआबांनाही तिनं भाकरी नेऊन दिली, पण त्यांच्या लेकानं ती दारातूनच परत पाठवली.

तराजूचा दिवस उजाडला. येसाक्काचं पारडं दाणकन खाली आलं, हसायचे ते हसले. म्हाळूआबांचं पारडं मात्र वाऱ्यावर झुलत राहिलं. मान त्यांना मिळाला. लेकानं गुलाल उधळला. आबांच्या गळ्यात हार घातला, तर त्या हाराच्या वजनानंच त्यांची मान खाली झुकली.

दुसऱ्याच दिवशी फळी उचलायची होती. गावातली धडधाकट माणसं डोंगराच्या वाटेला लागली. पुढं काठी टेकत आबा, मागं पाटील, पंच आणि तळ्यावरच्या देवीसाठी नैवेद्याच्या पाट्या घेतलेल्या बायका. त्यांत येसाक्का आणि सगुणाही होत्या. पहिलं वळण आबांनी काढलं. दुसऱ्या वळणावर ते थांबले, डोळ्यांवर हात धरला आणि हळूच खाली बसले, मग आडवेच झाले.

"आबा!" लेक धावला.

येसाक्का त्याच्या आधी पोचली होती. तिनं आबांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, नैवेद्याची दूध-पोळी कुसकरून त्यांना भरवायला लागली. एक पंच पुटपुटला, "अगं, देवीचा नैवेद्य आहे तो!"

"देवीला कळतं भूक म्हणजे काय. तुम्हाला कळत नाही," येसाक्का म्हणाली आणि भरवत राहिली.

आबांनी डोळे उघडले. पण उठायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. पाटलानं सूर्याकडं पाहिलं. दुपार कलायला लागली होती. पाटलाचा चेहरा पडला. इतर म्हातारी माणसं खाली गावात पेजेच्या वाट्यांपुढं बसलेली. आता कोण जाणार वर?

"मी जाते," येसाक्का म्हणाली.

"तू?" पाटलाच्या तोंडून निघून गेलं. "येसाक्का, माझ्या बापाचं काय झालं ठाऊक आहे ना? हे वजन घेऊन..."

"हे वजन मी रोजच घेऊन चालते, पाटील. माझ्या ओळखीचं आहे ते." तिनं पदर खोचला, आबांची काठी घेतली आणि निघाली.

ती घाई करत नव्हती. वळण आलं की थांबायची, घाम पुसायची आणि गुडघ्यांना म्हणायची, "चला बाबांनो, आज रुसू नका." मग पुन्हा चढायची. पाटील तिच्या लेकाच्या वयाचा, पण त्याला भाता चालल्यासारखा दम लागला होता. सगुणा सासूच्या दोन पावलं मागं, जीव मुठीत धरून.

माथा जवळ आला तशी वाट उभी झाली. येसाक्काचा पाय घसरला. ती गुडघ्यावर आदळली आणि सगुणाचा हात आपोआप पुढं झाला.

"हात लावू नकोस!" येसाक्का ओरडली. "लावलास तर पाणी गेलं!"

सगुणानं हात मागं घेतला आणि तोंडावर दाबून धरला. येसाक्का तशीच बसून राहिली. गुडघ्यातून रक्त येत होतं. पाय थरथरत होते. पेज पिऊन पडून काढलेले ते दिवस आता वसुलीला आले होते. मागून कुणीतरी म्हणालं, "तरी मी सांगत होतो, वजन..." येसाक्कानं ते ऐकलं. तिला राग आला नाही. तिला खालची शेतं दिसत होती, पाण्याची वाट बघत पसरलेली. तिनं काठी बाजूला टाकली, दोन्ही हातांनी एक मूळ धरलं, मग एक दगड, मग पुन्हा एक मूळ, आणि रांगत, सरकत, कण्हत ती तेवढी उभी वाट चढली.

माथ्यावर मावळतीचं तांबडं ऊन पसरलं होतं. सूर्य अजून बुडाला नव्हता! पलीकडच्या गावची म्हातारी तळ्याच्या काठी पाय सोडून बसली होती. तिनं आपली फळी केव्हाच उचलली होती. अंगानं अगदी काडी, पण पाठ ताठ आणि डोळे लुकलुकते. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या.

"अगं बाई, किती गं बारीक तू!" येसाक्का म्हणाली. "जेवत नाहीस की काय?"

"दोन वेळा जेवते, तुझ्याएवढंच जेवत असेन. माझ्या अंगी लागत नाही आणि तुझ्या लागतं, त्याला आपण काय करणार?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी आमचा कुंभारबुवा आला होता. तुझ्याहून रुंद. शीळ घालत चढला."

पाटील पुढं आला. "तुमच्याकडं माणूस निवडता कसा?"

"निवडायचं काय त्यात? ज्याला हौस असेल तो वर्षभर पहिल्या वळणापर्यंत रोज येऊन जातो. आम्ही बरेच जण येतो. गप्पा होतात, भूक चांगली लागते. दिवस आला की कुणीतरी एक वर येतो. तुम्ही कसं निवडता?"

"तराजूत बसवून," पाटील म्हणाला. "वजन करतो."

म्हातारीला आधी कळेचना. मग तिनं विचारलं, "का रे बाबा? माणसं विकायची आहेत का तुम्हाला?"



येसाक्का तोवर फळीपाशी गेली होती. पावसात भिजून सागवान फुगलं होतं. तिनं पाय रोवले, फळीची कडी दोन्ही हातांनी धरली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. एकदा. फळी हलली नाही. पुन्हा. फळी कुरकुरली. तिसऱ्यांदा येसाक्का मोठ्यानं ओरडली आणि फळी वर आली. पाणी तिच्या पायांवरून उसळून पाटात शिरलं आणि गावाच्या दिशेनं पळत सुटलं. सगुणानं सासूला घट्ट मिठी मारली. आता हात लावायला कुणाची आडकाठी नव्हती. दोघी रडत होत्या आणि हसतही होत्या.

खाली दुसऱ्या वळणावर पडलेल्या म्हाळूआबांनी पाण्याचा आवाज ऐकला. त्यांच्या लेकानं त्यांना पाठीवर घेतलं आणि घरी नेऊन स्वतःच्या हातानं भाकरी भरवली.

दुसऱ्याच दिवशी पाटलानं तराजू उतरवून गुळाच्या वखारीत पाठवला. तेव्हापासून रोज सकाळी गावातली म्हातारी माणसं पहिल्या वळणापर्यंत चालत जायला लागली. कुणी लठ्ठ, कुणी सडपातळ, कुणी काठी टेकत, कुणी गाणं म्हणत. पाटीलही जायचा, धापा टाकत का होईना. येसाक्का तेवढीच जाड राहिली आणि सगळ्यांच्या पुढं चालत राहिली. पुढं कितीतरी वर्षं त्या गावाचं पाणी अडलं नाही.

ही गोष्ट ऐकलीत, तर एवढं पदरात बांधून घ्या: अंग जाड असो की बारीक, म्हातारपणी साथ देतं ते पोटभर जेवलेलं आणि रोज हलतं ठेवलेलं अंग.