अभयसिंग महाराजांची पाताळसफर

“एकाच होडीत, एकाच फेरीत, माझी नात खदखदून हसली पाहिजे आणि मी घाबरलो पाहिजे!” अभयसिंग महाराजांनी भर दरबारात मूठ आपटली. “उद्यापर्यंत हे जमलं नाही, तर कालवा बुजवा, होडीचं सरपण करा आणि त्या धाकू नावाड्याला तबेल्यात शेण काढायला पाठवा!”

महाराजांनी बागेत मोठ्या हौसेनं गोल कालवा खणून घेतला होता. काठावर बांबू-कागदाचे राक्षस, लोंबकळणारे साप, डोळे गरागरा फिरवणारी हडळ! होडीत बसायचं, धाकूनं बांबूनं होडी रेटायची आणि पाताळाची सफर करून यायचं. पोराबाळांसकट साऱ्या नगरीनं यावं, अशी महाराजांची इच्छा. पण झालं भलतंच! सहा वर्षांची नात मंजुळा पहिल्याच राक्षसाला बघून जी भोकाड पसरून रडली, ती रात्रीपर्यंत गप्प होईना. आणि महाराज? ते जांभया देत होते! वाघाच्या मिशा उपटलेला माणूस. त्याला कागदी राक्षसाचं काय कौतुक!

प्रधानजींनी डोकं लढवलं. राक्षसांचे सुळे वाढवले, तर मंजुळा दुप्पट रडली. राक्षस काढून ससे ठेवले, तर मंजुळा हसली, पण महाराज चक्क घोरायला लागले! शेवटी प्रधानजींनी हात टेकले आणि महाराजांनी दरबारात ती मूठ आपटली.

इकडे धाकूच्या तोंडचं पाणी पळालं. सारा जन्म पाण्यावर गेलेला माणूस तो, होडी गेली तर जगायचं कशाला? त्याची लेक बायजा नेमकी माहेरपणाला आलेली. चार दिवस लाड करून घ्यायला आली, तर बाप ताटावरून उपाशी उठतोय! तिचं काळीज तुटलं. तिनं पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

“मी दावते करून, महाराज! पर दोन अटी हायेत. होडीत तुमी आन् धाकल्या बाईसाहेब, दोघंच बसायचं. आन् होडी काठाला लागेस्तोवर तुमी जागचं हलायचं न्हाई.”

“एवढंच ना? आणि मी घाबरलो नाही तर?”

“तर बापाच्या जोडीनं मी बी शेण काढीन!”

दुसऱ्या दिवशी सारी नगरी काठावर लोटली. महाराज ऐटीत होडीत बसले आणि बघतात तर काय, ना राक्षस, ना ससे! काठ पार मोकळा!

“अगं, राक्षस कुठं गेले?”

“त्यास्नी सुट्टी दिली!”

“मग मला घाबरवणार कोण? आणि धाकू कुठाय? होडी कोण चालवणार?”

“ह्या की!” म्हणत बायजानं एक हलका बांबू मंजुळेच्या हातात दिला. “आमच्या भोयांत पोर चालाया लागलं की बांबू हातात देत्यात. तुमच्यात लईच उशीर झालाय!”

आणि तिनं होडी दिली ढकलून!

मंजुळेनं बांबू रेटला. होडी गर्रकन फिरली, फिरली, पुन्हा फिरली! “आजोबा, भिंगरी!” मंजुळा किंचाळली आणि हसत सुटली.

“बस! बस खाली!” महाराजांनी होडीच्या दोन्ही कडा गच्च धरल्या.

बसतेय कसली! ती चढली टोकावर. होडी काठाला धडकली, उसळली आणि निघाली थेट कारंज्याच्या दगडी हत्तीकडे. हत्तीच्या सोंडेतून धो धो पाणी पडत होतं.

“डावीकडे! अगं, डावीकडे! दुसरं डावीकडे!”

मंजुळेला डावं-उजवं अजून कुठं कळत होतं! होडी बरोब्बर सोंडेखालून गेली. महाराजांचा फेटा वाहून गेला. मंजुळा हसून हसून वाकली आणि वाकता वाकता पाण्यातलं कमळ तोडायला ओणवी झाली. तेव्हा मात्र वाघाच्या मिशा उपटणाऱ्यानं डोळे मिटून टाहो फोडला, “आई भवानी! पोरीला सुखरूप काठाला लाव! पाच नारळ फोडीन! पाच नको, पन्नास फोडीन!”

काठावरची माणसं पोट धरधरून हसत होती.

होडी काठाला लागली. महाराज रांगतच बाहेर आले.

“घाबरलासा न्हवं, महाराज?” बायजानं विचारलं.

“मी? छट्! मला जरा थंडी वाजली.”

“ऐन वैशाखात?”

गर्दीत खसखस पिकली. महाराज लालबुंद झाले. “नाही घाबरलो म्हणतो ना!”

“बरं तर! चला धाकल्या बाईसाहेब, आणिक एक फेरी. ह्या खेपेला डोळं बांधून!”

“खबरदार!” महाराज गरजले. “पोरगी पडली असती म्हणजे? जिवाचं पाणी पाणी झालं माझ्या!”

बोलले आणि त्यांनी जीभ चावली. पण आता काय उपयोग!

“ऐकलं न्हवं, मंडळी?” बायजा हसली. “महाराज, मागं वळून तर बघा.”

होडीच्या मागं धाकू उभा होता. हातात होडीला बांधलेला दोर आणि पाणी जेमतेम गुडघाभर! सारी फेरी तो मागून चालत आला होता. सगळ्या नगरीनं पाहिला, फक्त महाराजांनी नाही; त्यांची नजर नातीवरून हटली असती तर ना!

“कालवा तुमीच खणून घेतलासा, महाराज. पाणी किती ते तुमास्नी ठावं. दोर माझ्या बाच्या हातात. तरी बी पन्नास नारळ कबूल केलंसा! वाघ मारणाऱ्याला राक्षस दावून काय व्हणार? त्याला घाबरवायचं तर त्याच्या नातीच्या हातात बांबू द्यावा लागतोय!”

महाराजांनी दोराकडे पाहिलं, गुडघाभर पाण्याकडे पाहिलं. मग जे हसत सुटले, ते ओल्या कपड्यांनिशी गवतावर बसले. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना!

“हरलो गं पोरी! आजपासून होडी धाकूची आणि कालवाही त्याचाच! आणि लेक माहेराला आलीय, ती काय रिकाम्या हातानं सासरी जाईल? आणा रे पैठणी!”

धाकूनं तिथंच पाण्यात उभ्याउभ्या लेकीला मुजरा केला.

“आणि प्रधानजी,” महाराज डोळे पुसत म्हणाले, “तुमच्या घरी जुळी नातवंडं आहेत ना? बोलवा त्यांना! दोघांच्या हातात एकेक बांबू द्या आणि प्रधानजींना बसवा मधोमध!”

पण प्रधानजी होते कुठं? ते केव्हाच बागेच्या फाटकाबाहेर धूम पळत सुटले होते!