दोन हरियल

"मग मी कुठला हरियल वाचवायला हवा होता, बाबा? तुम्हीच सांगा."

विभासचा आवाज चढला. पक्ष्यांचा जाणकार म्हणून आता त्याचं नाव होतं. पण लहानपणी त्याला पक्ष्यांकडे पाहायला शिकवलं ते खाडीकाठच्या दर्ग्याच्या ओट्यावर बसणाऱ्या या इनूस फकीरबाबांनीच.



"रस्ता होणारच होता. एक तर घाटातल्या रानातून, नाही तर इथून. मत माझं मागितलं. घाटात राहतो तो राखी कपाळाचा हरियल. सह्याद्री सोडला तर जगात कुठेच नाही. इथला पिवळ्या पायांचा. तो देशभर आहे, त्याच्या जातीला धोका नाही."

"म्हणून इथले उंबर गेले."

"म्हणून घाटातलं रान राहिलं!"

"बरोबर केलंस."

 हेच ऐकायला विभास आला होता... आणि ऐकून काहीच हलकं झालं नाही.

"मग आलास कशाला?" बाबांनी विचारलं.

"काल पाडताना मी इथेच होतो, बाबा. फळं पिकली होती..."



तेवढ्यात पंखांची फडफड ऐकू आली. रोजच्या वेळेला रोजचा थवा. हिरवी पाठ, पिवळे पाय. उंबर होते तिथे नुसतं आभाळ होतं. थवा वळला. पुन्हा आला. पुन्हा वळला. हरियल सहसा जमिनीवर उतरत नाही.

बाबा उठले. काठी ओट्याला टेकवून ठेवली. सावकाश चालत सगळ्यात थोरल्या उंबराच्या उरलेल्या बुंध्यापाशी गेले, त्यावर चढले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

थवा त्यांच्या डोक्यावरून गेला. खाडीपलीकडे दिसेनासा झाला.

बाबांचे हात थरथरू लागले.

विभास धावत गेला. "उतरा, बाबा. आता ते नाही येणार."

"ठाऊक आहे."

"मग...?"

बाबा आभाळाकडे बघत राहिले.

विभासने त्यांचा एक हात खालून धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"किती वेळ उभे राहणार असे?"

"उंबराने हे कधी विचारलं नाही, बेटा."